स्वराचा पंचनामा

यवतमाळ जिल्ह्यात भांडणाचे परंपरागत विषय मोजके असून ते सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर बापाकडून मुलाकडे वारसाहक्काने चालत येतात: शेजाऱ्याने धुरा किती तास नांगरून आत घेतला, सोयरिकीच्या बैठकीत कोणाचा मान राहिला नाही, आणि व्यापाऱ्याने ओलाव्याच्या नावाखाली कापसाचे किती वजन कापले. या तिन्ही वादांत पुरावा निदान डोळ्यांना दिसतो; मोजणीदाराची साखळी, मध्यस्थाची स्मरणशक्ती किंवा बाजार समितीचा काटा यांपैकी कशाला तरी तो सापडतो, आणि नाहीच सापडला तर दिवाणी न्यायालय आहेच. परंतु गेल्या काही वर्षांत या दप्तरात एक चौथा विषय दाखल झाला आहे, ज्याचा मुद्देमाल हवेत उत्पन्न होतो, हवेतच विरतो आणि जप्त करून मालखान्यात ठेवता येत नाही. गायक एक, गाणे एक. पण ते सीडीवरून अधिक चांगले ऐकू येते, की मेमरी कार्डावरून, की मोबाइलच्या ॲपवरून, की जावयाने पुण्याहून आणलेल्या, खिशात मावणाऱ्या परंतु बैलजोडीच्या किमतीच्या यंत्रावरून, या प्रश्नावर आमच्या आळीतील बरीच सभ्य माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत.

वादाचे गाणे अर्थातच गीतरामायणातील. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांची चाल यांचा हा उपक्रम आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर सुरू झाला. आठवड्यास एक या हिशेबाने वर्षाची गीते बावन्न व्हावयाची. परंतु त्या वर्षी पंचांगाने अधिक भाद्रपद मध्ये घातला आणि ती छप्पन्न झाली. अधिक मासाचा लाभ फक्त जावयाला होतो अशी आपल्याकडे समजूत आहे. इतिहासात तो एकदाच सरसकट सर्व श्रोत्यांना पोचला. पुढे १९७३ साली मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले तेव्हा अध्यक्षपदी माडगूळकर होते, आणि तेव्हापासून गीतरामायणाच्या बाबतीत अखेरचा शब्द आपला, पुण्याचा नव्हे, असे येथील जाणत्यांनी ठरवून टाकले आहे.

ज्या पिढीने हे गाणे प्रथम ऐकले तिने ते मध्यम लहरींवर ऐकले. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात सेकंदाला साडेचार-पाच हजारांच्या वरची कंपने बहुधा वाटेतच गळतात. जी पोचतात त्यांना विजेच्या कडकडाटाची आणि शेजारच्या केंद्राच्या कुजबुजीची सोबत असते. तरीही रेडिओसंचाला हार घालून व उदबत्ती लावून ऐकणारी घरे होती, असे त्या काळचे लोक सांगतात, आणि माणिक वर्मांच्या तोंडची सीता ऐकून त्या घरांतील माणसे पदराने डोळे टिपीत. त्यांच्याच नातवंडांना आज त्या गाण्याच्या वीस हजारांपर्यंतच्या एकूण एक कंपनाचा हिशेब हवा आहे. ती उदबत्ती लावीत नाहीत, चार्जर लावतात.

वादी क्रमांक एक म्हणजे आमच्या आळीतील एक सेवानिवृत्त नाझर. सारी हयात जप्ती, सील, समन्स आणि सहीशिक्क्याची नक्कल यांत गेल्यामुळे जगातील वस्तूंचे वर्गीकरण दुसऱ्या एखाद्या तत्त्वावर करता येते, हे त्यांस ठाऊक नाही. त्यांच्यापाशी गीतरामायणाच्या सीडींचा संच आहे. तो कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली करगोट्याला. सीडी हा मूळ दस्तऐवज, बाकीच्या सर्व नकला, आणि मोबाइलवर जे वाजते ती तर नकलेचीही तोंडी हकिकत, असे त्यांचे म्हणणे. वास्तविक सीडी हीसुद्धा मूळ नव्हे. फडक्यांचा आवाज चुंबकीय फितीवर उतरला, तेथून काळ्या तबकडीवर गेला, आणि बऱ्याच वर्षांनी कोणीतरी त्याची मोजणी करून त्याचे आकडे केले. या मोजणीचे नियम फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली ठरविले आणि १९८२ मध्ये जपानात पहिल्या सीडी विक्रीस आल्या. नियम असा की ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजावयाची आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवावयाचे. इंग्रजी अमदानीतल्या बंदोबस्तातही वऱ्हाडची जमीन इतक्या बारकाईने मोजली गेली नसेल. चव्वेचाळीस हजारांचा हा आकडा कोणाच्या लहरीखातर आलेला नाही. तरुण आणि निरोगी कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो, आणि नायक्विस्ट व शॅनन यांच्या सिद्धान्ताप्रमाणे एखादी लहर पुरतेपणी पकडावयाची तर तिच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी केली म्हणजे पुरते, त्याहून जास्तीची आवश्यकता नाही. नाझरसाहेबांना हा सिद्धान्त समजावून सांगितला तेव्हा त्यांस परम संतोष झाला, कारण दुपटीचे तारण असल्याखेरीज जामीन मानू नये हा त्यांचाही जन्मभराचा नियम होता.

वादी क्रमांक दोन म्हणजे त्यांचेच जावई. ते हिंजवडीस नोकरी करतात आणि उन्हाळ्याच्या सुटीत सासुरवाडीस येताना सेकंदाला ९६,००० मोजण्यांची, चोवीस बिटांची गाणी घेऊन येतात. त्यांच्या यंत्राला ते डॅक म्हणतात. आकड्यांची पुन्हा विजेची लहर करणे एवढेच त्याचे काम, आणि तेच काम आपल्या प्रत्येकाच्या फोनमधील करंगळीच्या नखाएवढा एक तुकडा मुकाट्याने करीत असतो, हे त्यांच्यासमोर बोलण्याची आमच्याकडे रीत नाही. जावई बोलत असता सासऱ्याने हरकत घ्यावयाची नसते, सासूने ताट वाढावयाचे असते आणि मेव्हण्याने मान डोलवावयाची असते. त्यामुळे त्यांची सबंध जबानी उलटतपासणीवाचून दप्तरी दाखल झाली. तीत त्यांनी असे सांगितले की नाझरसाहेबांच्या सीडीत स्वराच्या भोवतीची "हवा" नाही, ती केवळ शहाण्णव हजारांत आहे. शहाण्णव हजार मोजण्यांत अठ्ठेचाळीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी मावतो हे खरे. परंतु साठी उलटलेल्या माणसाच्या कानाला बारा हजारांच्या वरचे सहसा काही उमगत नाही, आणि अठ्ठेचाळीस हजारांच्या स्वराचा आस्वाद घ्यावयाचा तर श्रोता वटवाघूळ असावा लागतो. नाझरसाहेबांनी जावयाचे हेडफोन कानांवर चढवून, डोळे मिटून "अहाहा" म्हटले ते कन्येच्या संसाराकडे पाहून म्हटले, असे माझे मत आहे.

या दोघांच्या मध्ये दत्त चौकाजवळच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातील मुलगा उभा आहे. ॲपचे युग येण्यापूर्वी जिल्ह्याचे संगीत याच्यासारख्या मुलांच्या हाती होते. बाजाराच्या दिवशी खेड्यावरचा माणूस सरकीची पेंड, विड्याचे सामान आणि फवारणीचे औषध घेऊन झाले की मेमरी कार्ड काढून गल्ल्यावर ठेवी आणि "जुने भरा, थोडे भजन भरा, अन् वर जागा उरली त नवे भरा" असा हुकूम देऊन चहाला जाई. भरलेले सर्व एमपीथ्री असे. मुलाच्या संगणकातील गाणी कोठून आली हे त्याला ठाऊक नव्हते आणि त्याला विचारणारेही कोणी नव्हते; ज्याच्या कार्डात चांगले गाणे निघे त्याचे तो उतरवून घेई, अशा रीतीने उमरखेडची लावणी पांढरकवड्याला आणि वणीची कव्वाली दिग्रसला पोचत असे.

एमपीथ्रीविषयी आमच्याकडे फार गैरसमज आहेत, आणि ते कापसाच्या जिल्ह्यात असावेत याचे मला नवल वाटते. ध्वनीची फाइल लहान करण्याचे मार्ग दोन. एक म्हणजे प्रेसिंगमध्ये रुईची गाठ बांधावी तसा: एकशे सत्तर किलोंची रुई चेपून गाठ बांधली तरी ती सोडल्यावर आत रुई पूर्ववत एकशे सत्तर किलोच निघते. फ्लॅक नावाची २००१ पासून प्रचारात आलेली पद्धत या जातीची आहे. तीत जागा अर्ध्याच्या आसपास लागते आणि अक्षरही गळत नाही. दुसरा मार्ग जिनिंगचा. त्यात सरकी वेगळी काढून बाजूला टाकतात, आणि एकदा टाकलेली सरकी बोंडात परत बसविणारे यंत्र अजून कोणी काढलेले नाही. एमपीथ्री हे स्वराचे जिनिंग होय. सीडीवरून सेकंदाला १,४११ किलोबिट वाहतात. चौकातल्या मुलाच्या फाइलीत ते १२८ असतात, म्हणजे अकरा हिश्शांतील दहा हिस्से सरकीत गेले. मात्र सरकी कोणती आणि रुई कोणती हे ज्यांनी ठरविले त्यांच्या बुद्धीस नमस्कार केला पाहिजे. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी कानाचा एक दुबळेपणा हेरला: मोठा आवाज चालू असता त्याच्या लगतच्या पट्टीतला बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. जे ऐकू येणार नाही ते साठवावे कशाला? हिशेब जुळविताना त्यांनी सुझान व्हेगा या गायिकेचे, एकाही वाद्याची साथ नसलेले एक गाणे पुनःपुन्हा ऐकले. कारण वाद्यांच्या गर्दीत चोरी पचते, उघड्या कंठात पचत नाही. १९९५ च्या जुलैत या फाइलींना एमपीथ्री हे आडनाव मिळाले, आणि पुढचा इतिहास आमच्या चौकात घडला.

या मुलाची फिर्याद अशी की त्याच्या कार्डाला कोणी नावे ठेवण्याचे कारण नाही. "काकाजी," तो नाझरसाहेबांना म्हणाला, "तुमाले गाणं आयकाचं हाय का गाण्याचं वजन कराचं हाय? माह्यावालं कार्ड ट्रॅक्टरवर वाजते, बंडीवर वाजते, फवाऱ्याच्या पंपाले लटकवलं तरी वाजते. तुमची शीडी हलली का अटकली." नाझरसाहेबांनी ही जबानी "असंबद्ध" असा शेरा मारून बाजूला ठेवली, परंतु ती असंबद्ध नव्हती. न्यायासाठी हेही नोंदविले पाहिजे की १२८ च्या जुन्या फाइलींत उणीव खरोखरच असते, आणि ती टाळ, झांज व टाळ्या यांत चटकन उघडी पडते: खणखणीत नादाचा वरचा काठ झडतो आणि त्या जागी एक फुसफुस उरते. ज्याला भजनी मंडळाची सवय आहे त्याच्या ती लगेच ध्यानी येते. मात्र तीच पद्धत ३२० किलोबिटांवर चालविली तर सरकी इतकी थोडी निघते की ती शोधणाऱ्याला चष्मा नव्हे, पूर्वग्रह लागतो.

ॲपवाल्यांची गोष्ट आणखी निराळी. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा पाण्याच्या भावाने मिळू लागला, आणि कार्डाची जागा वाहत्या गाण्यांनी घेतली. यात एक गंमत आहे जी ऐकणाऱ्याला दिसत नाही. स्पॉटिफायसारख्या ॲपमध्ये एकाच गाण्याच्या २४, ९६, १६० आणि ३२० किलोबिटांच्या पायऱ्या असतात, आणि निवड स्वयंचलित ठेवली असल्यास टॉवरची जशी मर्जी तशी पायरी मिळते. त्यामुळे यवतमाळहून घाटंजीकडे एसटीने जाणारा माणूस एकाच गाण्यात वरच्या वर्गाने बसतो आणि जंगल लागले की त्याला तिसऱ्या वर्गात हलवितात; उतरल्यावर मात्र तो शपथेवर सांगतो की या ॲपचा आवाज त्या ॲपहून उजवा आहे. काही प्रतींचा दोष तर फाइलीत नसून तिच्या कुळात असतो. इंटरनेटवर एका भाविकाने चढविलेले गीतरामायण नाझरसाहेबांच्या पेटीवर ताडून पाहिले, तेव्हा त्याचा षड्ज काळ्या पट्टीलाही मिळेना आणि पांढरीलाही मिळेना. तो मधल्या फटीत कोठेतरी बसला होता. उघड होते की ती प्रत घरच्या कॅसेटवरून उतरविलेली आणि कॅसेट वाजविणारे यंत्र धावण्याच्या घाईत असलेले. तेथे किलोबिट मोजणे म्हणजे बनावट खतावरचे हस्ताक्षर किती वळणदार आहे याची चर्चा करणे होय.

मांडववाल्याचा पक्ष ऐकल्याशिवाय हा रोजनामा पुरा होणार नाही. यवतमाळचा दुर्गोत्सव पाहण्यास दूरदूरची माणसे येतात आणि त्या नऊ दिवसांत मांडववाल्याच्या शब्दास जिल्हा प्रशासनाच्या खालोखाल मान असतो. तो सर्व काही ब्लूटूथवर वाजवितो. दहाव्या शतकात डेन्मार्क एका छत्राखाली आणणाऱ्या हॅराल्ड ब्लूटूथ या राजाचे नाव या योजनेला दिले, कारण तीही भिन्न जातींच्या यंत्रांचा तह घडवून आणते. या तहाची एक अट अशी की गाणे हवेतून पाठविण्यापूर्वी ते पुन्हा एकदा चेपावे लागते. म्हणजे जे गाणे चौकात एकदा जिनिंगमधून निघाले होते तेच मांडवात दुसऱ्यांदा निघते. परंतु मांडववाल्याच्या पुढ्यात दोन पुरुष उंचीचे कर्णे उभे असल्याने आणि त्यांच्यापुढे उभ्या माणसाच्या बरगड्या स्वतंत्रपणे ताल धरीत असल्याने सूक्ष्म भेदांची तक्रार त्याच्याकडे आजवर कोणी नेलेली नाही.

उरल्या नाझरसाहेबांच्या पत्नी, ज्यांना सारी आळी काकू म्हणते. त्यांना मुलीने सारेगमचा कारवाँ दिला आहे. २०१७ साली बाजारात आलेला, जुन्या रेडिओच्या चेहऱ्याचा, पोटात हजारो गाणी भरलेला हा डबा त्यांच्या स्वयंपाकघरातील फळीवर हळदीच्या बरणीशेजारी असतो. त्यांचा मुद्दा एका वाक्याचा होता: याची खुंटी कणकेच्या हाताने फिरविता येते. यावर नाझरसाहेबांपाशी उत्तर नव्हते. त्यांच्या सीडीला हात लावण्यापूर्वी त्यांच्या घरात पाय धुवावे लागत.

अखेर सर्वांच्या संमतीने चैत्रातल्या एका रविवारी दुपारी प्रत्यक्ष परीक्षा ठरली. वाजणारी वस्तू दिसता कामा नये, हे तत्त्व जावयाने मांडले आणि ते बिनतोड होते, कारण डोळ्यांना किंमत दिसली की कानाला गोडी येते. पडद्याचा शोध सुरू झाला तेव्हा काकूंनी ट्रंकेतून थोरलीच्या लग्नातला अंतरपाट काढून दिला. त्याच्या एका अंगास यंत्रे आणि जावई, दुसऱ्या अंगास पंच. मधल्या कुंकवाच्या स्वस्तिकाकडे पाहून एका पंचाने सवयीने हातात तांदूळही मागितले. ध्वनिवर्धक सर्वांना एकच, कारण माझा हा पहिल्यापासूनचा आग्रह होता. लोक उगमावरून डोकी फोडतात आणि स्वराचे नशीब ज्याच्या हाती असते तो भोंगा मात्र दोन बोटांचा ठेवतात. फोनच्या भोंग्यातून डग्ग्याचा खर्ज मुळी बाहेरच पडत नाही. त्याच्या वरच्या स्वरांवरून खाली काय असले पाहिजे याचा तर्क करून कान तो पदरचा घालतो. मनुष्यप्राण्याचे हे औदार्य भोंगा बनविणाऱ्यांनी केव्हाच हिशेबात धरले आहे.

पहिल्या फेरीचा निकाल सर्वांस चकित करणारा लागला: चौकातल्या मुलाचे मेमरी कार्ड प्रथम आले. नाझरसाहेबांनी स्वतः त्याच्या बाजूने हात वर केला आणि पाट खाली गेल्यावर वर गेलेला हात डोके खाजविण्यास लावला. चौकशी करता असे निष्पन्न झाले की त्या कार्डातील फाइलींचा आवाज मुळातच चढवून ठेवलेला होता. ध्वनीचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेली ही गोष्ट आहे: दोन नमुन्यांत एक-दोन डेसिबेलांचाही फरक असला तरी ऐकणारा "हा मोठा आहे" असे म्हणत नाही, "हा चांगला आहे" असे म्हणतो. विजेच्या सामानाच्या दुकानात ज्या संचात नफा अधिक त्याचे बटण एक घर पुढे असते, यातले इंगित तेच.

मग आवाजाची पातळी मोबाइलवरील मापकाने सारखी करून दुसरी फेरी घेतली, आणि सर्वांची मते अकस्मात विनयशील झाली. ज्याने त्याने आपल्याच यंत्राला शेवटचा क्रमांक द्यावा आणि प्रतिपक्षाच्या यंत्रावर डोळे मिटावेत, असा प्रकार घडू लागला. याचे कोणाला वैषम्य वाटू नये. अमेरिकेत बोस्टनच्या मंडळींनी असाच प्रयोग वर्षभर केला होता आणि मेयर व मोरान यांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला: उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण सरळ ऐकविणे, आणि तेच मध्ये सीडीच्या मापात उतरवून ऐकविणे, यांतले कोणते कोणते हे ५५४ खेपांत विचारले असता बरोबर उत्तरे निघाली २७६. नाणेफेकीने याहून एक अधिक मिळाले असते.

आमच्या परीक्षेत एकच व्यक्ती प्रत्येक खेपेस अचूक निघाली, आणि ती काकू. सीडी, कार्ड, ॲप, जावयाचा डॅक, ब्लूटूथ: भाजी निवडता निवडता, मानसुद्धा वर न करता त्या नावे सांगत गेल्या. नाझरसाहेबांचा ऊर भरून आला, जावयाने या विलक्षण कानांची वैद्यकीय तपासणी व्हावी अशी सूचना मांडली. काकूंनी शेवटी रहस्य सांगितले. सीडी लावण्यापूर्वी पडद्याआड जाऊन नाझरसाहेब खाकरतात. डॅक जोडताना जावई "एकच मिनिट हं" म्हणतात. ॲप असले की गाण्याआधी कोणीतरी "रेंज आली, रेंज आली" असे पुटपुटते. ब्लूटूथ असले की एक परदेशी बाई इंग्रजीतून जोडणी झाल्याची वर्दी देते. आणि यांतले काहीच झाले नाही की ते कार्ड.

ही कैफियत नोंदवून घेतल्यावर नाझरसाहेबांनी दंडक घातला की सर्वांनी मौन पाळावे, आणि मौन पाळले गेले तेव्हा कोठे सर्वांना कूलर ऐकू आला. तो आरंभापासूनच चालू होता. बाहेर चव्वेचाळीस अंश, खिडकीला लोखंडी कूलर, त्यात वाळ्याच्या ताट्या, पाण्याचा पंप आणि ज्याचे एक पाते वाकडे आहे असा पंखा; जावयाच्या मापकावर तो ६० डेसिबेलांच्या घरात भरला. निवासी भागात दिवसा आवाजाची कायदेशीर मर्यादा ५५ आहे, म्हणजे कूलरवर कारवाई करावयाची तर अख्खा विदर्भ आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहील. एर्लांगेनच्या विद्वानांना जे साधण्यास वर्षे लागली ते आमचा कूलर मार्चअखेरपासून मृगापर्यंत फुकट करीत असतो: बारीक स्वर मोठ्या आवाजाखाली दडवून टाकतो. जावयाच्या चोवीस बिटांत तात्त्विक दृष्ट्या १४४ डेसिबेलांचा पल्ला आहे. त्यातला बारीकात बारीक ध्वनी कूलरच्या वर काढावयाचा, तर मोठ्यात मोठा दोनशेच्या वर न्यावा लागेल; आणि कानाला वेदना होतात त्या एकशेवीस-तीसच्या आसपास, त्यानंतर ऐकणारा उरत नाही. कूलर बंद करावा अशी सूचना जावयाने केली. शेजारून मांडववाला म्हणाला, "जवाईबापू, तुमी म्हंता थे खरं असन, पन कूलर बंद केला त निकाल आयकाले कोनी नाई ऱ्हानार." परीक्षा तहकूब झाली.

तहकुबीनंतरची तारीख ठरविणे हे मूळ परीक्षेहून अवघड निघाले. पावसाळ्यात कूलर थांबतो, परंतु आमच्या आळीत पत्र्याची छपरे अधिक आहेत आणि आषाढाच्या सरी त्यांवर जे करतात त्यापुढे सिद्धान्त चालत नाहीत. भाद्रपदात गणपती, आश्विनात दुर्गा, म्हणजे दोन महिने मांडववाल्याचे. दिवाळीनंतर जिनिंग सुरू होतात, तुळशीचे लग्न लागले की माणसांची लागतात, आणि वरातीच्या ट्रॅक्टरपुढे उभे राहून सूक्ष्म ध्वनीविषयी बोलणे शक्य नसते. पंचांग पुढे ओढून नाझरसाहेबांनी शेवटी पौष काढला. पौषात मुहूर्त नाहीत, पंखा नाही, पाऊस नाही.

"पौषात मले जमत नाई जी," चौकातला मुलगा म्हणाला. "तवा माहा सीझन असते."

पौषात याचा कसला हंगाम, असे विचारता कळले ते असे. गहू-हरभरा वर आला की रात्री रोही आणि रानडुकरे शेतात शिरतात. त्यांना हाकलण्याकरिता कास्तकार धुऱ्यावर भोंगा बांधतात आणि त्यात मेमरी कार्ड लावतात. कार्डात कुत्र्याचे भुंकणे, माणसाची आरोळी आणि मुख्यतः वाघाची डरकाळी भरलेली असते. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या गावांत याला मागणी फार. परंतु गेल्या हंगामात तिकडचा एक कास्तकार कार्ड परत घेऊन आला होता. त्याची तक्रार अशी की डुकरे दोन रात्री पळाली, तिसऱ्या रात्री थांबून ऐकत राहिली आणि चौथ्या रात्री भोंग्याच्या बुडाशीच हरभरा खात बसली.

"डुकराईले समजते म्हने थो," मुलगा म्हणाला. "वाघ कार्डातला हाय का जंगलातला हाय. मले म्हने, साफ आवाजाचा वाघ दे भाऊ, पैसे जास्त लागले तरी चालन."

जावई प्रथमच गप्प होते. नाझरसाहेबांनी लेखणी उचलली, रोजनाम्यात नवी ओळ घातली, आणि ही डुकरे नेमकी कोणत्या मौज्यातील असून त्यांस साक्षीचे समन्स कोणामार्फत बजावता येईल, अशी विचारणा केली.